घरात नवीन दत्तक कुत्री आणि हातात दा विंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन : हौशी म्युझिक व्हिडिओवाल्यांसाठी रिव्ह्यू

हौशी म्युझिक व्हिडिओ एडिट करणाऱ्या कुणालाही, आणि ज्यांच्या घरी नुकतंच दत्तक घेतलेलं कुत्रं आलंय अशांना तर नक्कीच, मी दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं फुकट व्हर्जन घ्या म्हणून सांगेन. कारण साधं आहे. घरात नवीन कुत्रं आलं की सलग तीन-चार तास खुर्चीत बसणं विसरायचं, वीस मिनिटं मिळतात, मग उठायचं, मग परत पंधरा मिनिटं, आणि असं तुकड्यातुकड्यांत काम करताना जिथे सोडलं तिथून लगेच परत पकडता येईल असं सॉफ्टवेअर लागतं. इफेक्ट आणि ट्रान्झिशन काय, सगळ्यांकडेच असतात. मी खाली जे लिहितेय ते या एकाच कसोटीवर लिहितेय, त्यामुळे रोज क्लायंटचं काम करणाऱ्यांना यातलं बरंचसं प्राथमिक वाटेल.

आमचं काम म्हणजे मित्रमैत्रिणींचा छोटा बँड, त्यांनी घरीच रेकॉर्ड केलेली गाणी, शूटिंगला दोन मोबाइल आणि एक ट्रायपॉड, आणि एडिटिंग माझ्याकडे. आमची कुत्री गुंडी शेल्टरमधून आलीय, वयाने मोठी आहे, काळीकुळकुळीत आहे आणि अचानक आवाज झाला की दचकते. दोन्ही गोष्टींवर माझा जीव आहे आणि दोन्ही एकाच खोलीत चालतात.

आधी सॉफ्टवेअरबद्दल थोडं. दा विंची हे मुळात कलर करेक्शनवाल्यांचं नाव, सिनेमाचे रंग ठरवणाऱ्या स्टुडिओंमधली मोठी महागडी मशिन्स. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती मशिन्स बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये फुकट व्हर्जन आलं. पुढे आवाजासाठी फेअरलाइट आणि इफेक्टसाठी फ्यूजन ही वेगळी असलेली सॉफ्टवेअर्स त्यातच आणून बसवली. त्यामुळे आज एकाच खिडकीत खाली एका रांगेत पानं दिसतात, मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर. पहिल्यांदा उघडल्यावर हे सगळं अंगावर येतं हे खरं, पण म्युझिक व्हिडिओसाठी एडिट, कलर आणि डिलिव्हर (तयार व्हिडिओ बाहेर काढायचं पान) एवढी तीन पानं आली तरी भागतं. फ्यूजनच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. फुकट व्हर्जनमध्ये वॉटरमार्क येत नाही, फक्त पैसेवाल्या स्टुडिओ व्हर्जनमधला एखादा इफेक्ट लावलात तरच येतो, आणि एक्सपोर्ट ३८४० बाय २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत मिळतो, म्हणजे हौशी माणसाला पुरून उरतो.

क्लिप टाकायच्या आधी एकच काम आठवणीने करायचं, प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन टाइमलाइनचा, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीचा, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं) ठरवायचा. तो सुरुवातीला २४ असतो आणि मोबाइल बहुतेक वेळा ३० वर शूट करतात. टाइमलाइन एकदा बनली की तिचा रेट बदलता येत नाही, नवीन टाइमलाइन काढावी लागते. याचा गाण्याशी थेट संबंध आहे. समजा गाणं १२० बीपीएमचं आहे, म्हणजे मिनिटाला १२० बीट, दर अर्ध्या सेकंदाला एक बीट. २४ च्या टाइमलाइनवर दोन बीटच्या मधल्या अंतरात बरोबर १२ फ्रेम बसतात, ३० वर १५ बसतात, पण २५ वर साडेबारा येतात आणि अर्धी फ्रेम तर कापता येत नाही, मग एक कट नेमका बीटवर आणि पुढचा किंचित सरकलेला असं होत राहतं. उलट गाणं १०० बीपीएमचं असेल तर २५ वर अगदी १५ फ्रेम येतात. एवढ्याने व्हिडिओ बिघडत नाही, डोळ्याला अर्धी फ्रेम कळतही नाही, पण सुरुवातीलाच हा हिशोब केला तर कॉपी-पेस्ट करत पटापट कट मारता येतात आणि ज्याच्याकडे वीस मिनिटंच आहेत त्याला हा वेळ फार मोलाचा असतो.

आता मल्टिकॅम, म्हणजे एकाच गाण्याचे वेगवेगळे शॉट एकत्र चालवून त्यातून निवडायची सोय. माझ्या मते हौशी म्युझिक व्हिडिओसाठी यातलं सगळ्यात भारी काही असेल तर हे, आणि ते फुकटमध्ये आहे. लोकांना वाटतं मल्टिकॅम म्हणजे चार कॅमेरे पाहिजेत. तसं काही नाही. एकाच मोबाइलवर गायिकेचे सहा टेक घ्या, एक जवळून, एक लांबून, एक बाल्कनीत, एक नुसते हात, प्रत्येक वेळी स्पीकरवर तेच गाणं मोठ्याने लावा आणि मोबाइलचा माइक चालू ठेवा. त्या माइकचा आवाज शेवटी वापरायचा नसतो, तो फक्त जुळवण्यासाठी. मग सगळे टेक आणि फायनल गाणं एकत्र सिलेक्ट करून राइट क्लिक, मल्टिकॅम क्लिप बनवा, आणि अँगल सिंक साउंडवर ठेवा. सॉफ्टवेअर सगळ्यांचे वेव्हफॉर्म (आवाजाचे आलेख) एकमेकांशी ताडून प्रत्येक टेक बरोबर जागेवर बसवतं. नंतर व्ह्यूअर मल्टिकॅमवर टाकला की सगळे टेक चौकटीचौकटीत एकाच वेळी चालताना दिसतात, गाणं प्ले करायचं आणि जो टेक हवा त्या चौकटीवर क्लिक करत जायचं किंवा आकड्यांची बटणं दाबायची, कट आपोआप पडत जातात. साडेतीन मिनिटांच्या गाण्याचा कच्चा कट साडेतीन मिनिटांत पडतो. खरंच. तेवढ्या वेळात गुंडीची एक डुलकीही पूर्ण होत नाही.

फक्त दोन ठिकाणी हे अडतं. एक, मोबाइलचं फुटेज बऱ्याचदा व्हेरिएबल फ्रेम रेटचं असतं, म्हणजे फ्रेमा समान अंतराने नसतात, त्यामुळे गाण्याच्या सुरुवातीला ओठ जुळतात आणि शेवटाकडे हळूहळू सुटत जातात. यावर उपाय म्हणजे आधी हँडब्रेकसारख्या फुकट कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्यायचं आणि मगच आत टाकायचं. दुसरं, स्लो मोशनमधला लिपसिंक, म्हणजे ओठ गाण्याशी जुळवणं. त्याची जुनी युक्ती अशी की गाणं दुप्पट वेगाने लावायचं, गायिकेने तशाच वेगात ओठ हलवायचे, शूट ५० फ्रेमवर करायचं आणि २५ वर चालवायचं, मग हालचाल सगळी संथ पण ओठ मात्र मूळ गाण्याला बरोबर. दिसायला फार सुंदर दिसतं. पण हा टेक वेव्हफॉर्मने जुळत नाही कारण त्यातलं गाणं मुळातच दुप्पट वेगाचं आहे, तो हाताने जुळवावा लागतो, त्यासाठी सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या.

मार्करबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण तुकड्यातुकड्यांत काम करणाऱ्याचा खरा आधार तोच आहे. गाणं चालू असताना एम दाबत गेलं की प्लेबॅक न थांबता टाइमलाइनवर खुणा पडत जातात. आधी रिकाम्या जागी क्लिक करून क्लिपचं सिलेक्शन काढा, नाहीतर मार्कर टाइमलाइनऐवजी त्या क्लिपवर जाऊन बसतो आणि क्लिप सरकली की खूणही सरकते. मी पहिल्या बसणीत फक्त हेच करते. प्रत्येक बीटवर नाही, त्याने नुसती खिचडी होते, जिथे गाणं वळतं तिथे, ध्रुवपद सुरू होतं तिथे, ढोलक थांबतो तिथे, गायिका श्वास घेते तिथे. मग स्नॅपिंग चालू ठेवलं की कट ओढताना त्या खुणांना चिकटतात. आणि एक सांगते, नेमक्या बीटवर कापण्यापेक्षा एक-दोन फ्रेम आधी कापलेलं बरं वाटतं, नवीन चित्र डोळ्यात उतरायला तेवढा वेळ लागतो आणि बीट पडते तेव्हा ते आधीच तिथे असतं. सगळे कट बीटवर मारले तर मिनिटभरात डोळा कंटाळतो, मधेच एखादा शॉट चार ओळी धरून ठेवा, गायिकेवर विश्वास ठेवा.

मार्करचा दुसरा उपयोग म्हणजे उठताना. प्रत्येक मार्करला रंग देता येतो आणि आत दोन ओळी लिहिता येतात. गुंडी दाराशी जाऊन उभी राहिली की मी लाल मार्कर टाकते, आत लिहिते ‘इथे हाताचा शॉट लांबला, दुसरा टेक बघ’, आणि उठते. परत आल्यावर एडिट इंडेक्समध्ये सगळ्या मार्करची यादी मिळते, डोकं परत तापवायला लागत नाही. लाइव्ह सेव्ह चालू असेल तर प्रत्येक बदल आपोआप सेव्ह होतो, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकदा बघून घ्या आणि तिथेच प्रोजेक्ट बॅकअपपण चालू करा. आणि रेंडर कॅश स्मार्टवर ठेवली तर तुम्ही हात लावायचे थांबलात की काही सेकंदांत मशीन स्वतःहून जड क्लिपा तयार करायला घेतं. म्हणजे तुम्ही कुत्र्याबरोबर खाली गेलात त्या वेळात टाइमलाइनवरची लाल रेघ निळी होत जाते आणि परत आल्यावर अडकत चालणारा भाग मऊ चालतो. माझ्यासारख्या सारखं उठावं लागणाऱ्यांना हे इतकं सोयीचं आहे की काय सांगू.

आता आवाज, कुत्र्याला त्याचा त्रास होतो का, कारण हा प्रश्न मला नवीन कुत्रं आणलेले सगळे एडिटर विचारतात. एडिटिंगमध्ये गाणं सलग वाजत नाही, त्याच चार सेकंदांचा तुकडा पन्नास वेळा वाजतो, मधेच तुटतो, परत धाडकन सुरू होतो. कुत्र्याला माणसापेक्षा खूप वरचे आवाज ऐकू येतात, आपली मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ तर त्यांची ४५,००० च्या आसपास सांगतात, पण मला दिसलं ते असं की गुंडीला गाण्याचा त्रास नसतो, तुटण्याचा आणि अचानक सुरू होण्याचा असतो. सलग मंद गाणं लावलं तर ती पाय पसरून झोपते. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था यांनी शेल्टरमधल्या कुत्र्यांवर केलेल्या २०१७ च्या अभ्यासातही सॉफ्ट रॉक आणि रेगे ऐकताना कुत्री जास्त निवांत दिसली होती, आणि एकच प्रकार रोज लावला तर त्याचा परिणाम ओसरतो असंही त्यांना दिसलं. पण स्नेअर ड्रमचा एकच ठोका परत परत वाजला की गुंडी आधी जीभ ओठांवरून फिरवते, मग जांभई देते, मग तोंड दुसरीकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते, डोळ्याचं पांढरं दिसतं. ही जांभई झोपेची नसते, तो ताण असतो. नवीन पाळणाऱ्यांनी हे ओळखायला शिका, भुंकण्याची वाट बघू नका.

त्यामुळे एडिटिंग हेडफोनवरच. एक कान अर्धा उघडा ठेवायचा म्हणजे ती उठली, नखांचा आवाज आला की कळतं. स्पीकरवर फक्त शेवटी ऐकायचं, कमी आवाजात सुरू करून, आणि तेव्हा तिला खोलीबाहेर जायचा रस्ता मोकळा ठेवायचा. तिची गादी टेबलापासून लांब, भिंतीशी, जिथून मी दिसते अशा जागी आहे. शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ अंदाज सांगतात, पहिले तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराची घडी कळायला लागते, तीन महिन्यांत हे आपलं घर असं वाटायला लागतं. प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं पण पहिल्या दिवसांत डेडलाइन अंगावर घेऊ नका हे मात्र मी ठामपणे सांगेन. बँडला सांगा की गाणं पुढच्या महिन्यात येईल. एडिटला बसायच्या आधी तिला निवांत फिरवून आणायचं, भरभर चालवायचं नाही, हुंगू द्यायचं, एकेका झाडाशी हवं तितकं थांबू द्यायचं. हुंगून आलेलं कुत्रं धावून आलेल्या कुत्र्यापेक्षा शांत झोपतं, निदान आमच्याकडे तरी, आणि वयाने मोठी कुत्री तशीही दिवसातले बारा-चौदा तास झोपतात, ती झोप आपल्या वेळापत्रकाशी जुळवता आली की काम होतं.

वायरींचं बघा. टेबलाखाली लोंबणारी चार्जरची वायर नव्या कुत्र्याला चघळायला मिळता कामा नये, हे सगळ्यात आधी. एक्स्टर्नल ड्राइव्ह वापरत असाल तर एसएसडी (आत फिरणारी डिस्क नसलेला) घ्या आणि तो टेबलाच्या वर चिकटवून ठेवा, शेपटीला किंवा पट्ट्याला वायर अडकली तर फिरणारी हार्ड डिस्क पडण्याचा धोका असतो. ड्राइव्ह मधेच सुटला तर रिझॉल्व्हमध्ये सगळ्या क्लिपा लाल होऊन ‘मीडिया ऑफलाइन’ दिसतं, घाबरू नका, एडिट तसाच्या तसा असतो, ड्राइव्ह परत लावला की चित्र येतं, नाही आलं तर रिलिंक करायचं, म्हणजे फाइल्स कुठे आहेत ते परत दाखवायचं.

कलर पानाचं कौतुक मी किती करू. या सॉफ्टवेअरचा जन्मच त्यासाठी झाला आणि ते जाणवतं. बँडच्या गाण्यात गुंडी असावी अशी सगळ्यांची इच्छा होती, आणि काळ्या कुत्र्याला शूट करणं फार अवघड, मागे उजेड असला की चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग, ना डोळे ना नाक. शूटिंगलाच खिडकीच्या बाजूने आडवा उजेड घेतला तर केसांची चकाकी येते आणि कान, गाल, मान वेगवेगळे दिसतात. मग कलरमध्ये कर्व्हचा (उजेड-अंधार बदलायच्या रेषेचा) अगदी खालचा भाग थोडा वर उचलायचा, जास्त नाही, काळा रंग राखाडी व्हायच्या आत थांबायचं. त्यानंतर चेहऱ्याभोवती एक गोल पॉवर विंडो (फक्त तेवढ्याच भागाचा रंग-उजेड बदलायची चौकट), कडा मऊ करून, आणि ट्रॅकरला पुढे चालवायचं. ती मान वळवते तशी विंडो तिच्यामागे जाते. मग त्या गोलात फक्त जरासा उजेड वाढवला की डोळ्यांत ठिपका येतो आणि ती एकदम जिवंत दिसते. तिने मान झटकली की ट्रॅकर सुटतो, तिथे थांबून हाताने विंडो जागेवर आणायची आणि पुढे चालवायचं. हे सगळं फुकट व्हर्जनमध्ये आहे.

गुंडीकडून मी मुद्दाम पोझ करवून शॉट घेत नाही. मोबाइल जमिनीवर टेकवून ठेवते, ५० फ्रेमवर, आणि ती तिच्या मनाने येते तेव्हा मिळेल ते. तोंडासमोर कॅमेरा धरून बस, ऊठ, इकडे बघ करत राहिलं की तेच ओठ चाटणं, तीच जांभई, आणि ते पडद्यावर दिसतं. ओळखणाऱ्याला लगेच कळतं की कुत्रं तिथे खूश नव्हतं. अशा शॉटवर मी कट मारत नाही, कितीही सुंदर फ्रेम असली तरी.

आता जे नाही ते. नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे घालवायची सोय, फुकटमध्ये नाही आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण संध्याकाळी घरात मोबाइलवर घेतलेल्या फुटेजमध्ये दाणे येतातच आणि काळ्या केसांत ते मुंग्यांसारखे वळवळतात. त्यावर एकच इलाज, दिवसा शूट करा. मॅजिक मास्कपण स्टुडिओमध्येच, म्हणजे कुत्र्याला बॅकग्राउंडपासून आपोआप वेगळं काढणं विसरा, विंडो आणि ट्रॅकरवर भागवा. लिनक्सवाल्यांनी नीट वाचा, फुकट व्हर्जन लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ हे व्हिडिओ फॉरमॅट उघडत नाही, म्हणजे मोबाइलचं जवळजवळ सगळं फुटेज आधी कन्व्हर्ट करावं लागेल, अशांनी केडेनलाइव्ह हे दुसरं फुकट एडिटर वापरलेलं बरं. आणि मशीन चांगलं लागतं. १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर जड जातं. तरी आधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून बघा, किंवा प्लेबॅकचं रेझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा, फायनल एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होतो त्यामुळे दर्जा कमी होत नाही. स्टुडिओ व्हर्जन एकदाच पैसे भरून विकत घेता येतं, पण हौशी माणसाने निदान दोन-तीन गाणी फुकटवर पूर्ण केल्याशिवाय त्याचा विचारही करू नये.

ज्यांना फोनवरच उभे तीस सेकंदांचे तुकडे बनवायचेत, वर अक्षरं नाचवायचीत, त्यांनी याच्या नादी लागू नये, फोनवरची ॲप्स त्यासाठी लवकर काम देतात. पूर्ण गाणं, तीन-चार मिनिटांचं, ओठ जुळलेले, रंग एकसारखे, असं काही करायचं असेल तर हेच. डिलिव्हर पानावर रेंडर क्यूमध्ये टाका, सुरू करा, रेंडर चालू असताना तसंही एडिट करता येत नाही, तोपर्यंत पट्टा घ्या आणि खाली जा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा नॉइज रिडक्शनचा कापलाय.